शिष्यवृत्तीचे ऋण आणि गावाची झाडे

शिष्यवृत्तीवर शिकलेल्या विद्यार्थ्याची कथा बहुधा त्याच्या पदवीपाशी संपते. ती पदवी पुढे गावाच्या कोणत्या उपयोगी पडली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. केनियाच्या डॉ. वंगारी मथाई यांचे जीवनकार्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

देवाचा वृक्ष आणि झरा

मथाई यांचा जन्म १९४० साली न्येरी भागातील इहिथे या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. घराजवळ मुगुमोचा प्रचंड वृक्ष होता. आपल्याकडील वड-उंबराच्याच कुळातील हे झाड. ते देवाचे असल्याने त्याचे सरपण आणावयाचे नाही, अशी आईची ताकीद असे. त्याच्याजवळच एक झरा वाहत असे.

१९६० साली अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी निवडल्या गेलेल्या सुमारे ३०० केनियन विद्यार्थ्यांत मथाई होत्या. १९६४ मध्ये कॅन्सस राज्यातील महाविद्यालयातून त्यांनी जीवशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर पिट्सबर्ग विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण झाले. १९७१ मध्ये नैरोबी येथे त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. पूर्व व मध्य आफ्रिकेत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

मायदेशी परतल्यावर त्यांना आढळले, की तो वृक्ष तोडला गेला होता आणि झराही आटला होता. झाडाची खोल मुळे भूगर्भातील पाण्याला वाट करून देत होती, हे त्यांना आता शास्त्राच्या आधारे उमगले. आईच्या श्रद्धेत जलसंधारणाचा विचार दडलेला होता.

तक्रारींतून योजना

गुरांच्या गोचिडांवरील संशोधनासाठी त्या खेडोपाडी हिंडत असता नद्यांचे पाणी गाळाने तांबडे झालेले दिसे आणि गुरे हाडकुळी झालेली दिसत. ग्रामीण स्त्रिया सांगत, की सरपण दूर गेले, पाणी दुर्मिळ झाले व सकस अन्न मिळेनासे झाले. तक्रारी अनेक असल्या तरी त्यांचे एक प्रमुख कारण वृक्षतोड हे होते. ५ जून १९७७ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, नैरोबीत सात झाडे लावून कार्यास आरंभ झाला. हीच पुढे ‘हरितपट्टा चळवळ’ म्हणून प्रसिद्धी पावली.

या चळवळीची कार्यपद्धती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वनखात्याच्या तज्ज्ञांना निरक्षर स्त्रियांच्या कुवतीविषयी शंका होती. परंतु धान्य पेरणाऱ्या हातांना बी रुजविणे नवे नव्हते. स्त्रियांनी परिसरातील स्थानिक झाडांचे बी गोळा केले आणि स्वतःच्या रोपवाटिका उभारल्या. त्यांना मोबदला मिळे तो लावलेल्या रोपाचा नव्हे, तर जगलेल्या रोपाचा. रक्कम अल्प होती, पण ती थेट त्यांच्या हाती पडत असे.

किंमत आणि फलित

हे कार्य निर्वेध नव्हते. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू उद्यानात बहुमजली इमारत उभारण्याचा बेत झाला. त्यास मथाई यांनी विरोध केला, तेव्हा त्यांची जाहीर हेटाळणी झाली. अखेर तो बेत सोडून द्यावा लागला. करुरा जंगल वाचविताना १९९९ मध्ये त्यांच्यावर हल्लाही झाला. २००४ साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तोवर चळवळीने तीन कोटींहून अधिक झाडे लावली होती. भारताने २००६ चा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी बोध

वृक्षारोपणाचा समारंभ आपल्या गावांना नवा नाही. मात्र पावसाळ्यात किती खड्डे भरले याची नोंद होते, तशी पुढील उन्हाळ्यानंतर किती रोपे जगली याची होतेच असे नाही. ग्रामपंचायतींनी ही दुसरी नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. रोपवाटिकेचे काम गावातील महिला मंडळांकडे द्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावातील जुनी झाडे व झरे यांची यादी करावयास सांगावे आणि वडीलधाऱ्यांकडून त्यांची माहिती मिळवावी.

शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यालाही, आपल्या गावातील कोणता झरा आटला आहे, असा प्रश्न गावाने आपलेपणाने अवश्य विचारावा. कदाचित त्याच्या शिक्षणाची खरी दिशा त्या प्रश्नातूनच ठरेल.