हिंगाष्टक चूर्ण

आपल्या वऱ्हाडात तुरीचे वरण रोजचे. कधी ते बाधते. पोट फुगते, करपट ढेकर येतात. त्यावर हिंगाष्टक चूर्ण घेतात. अष्टक म्हणजे आठ. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव आणि हिंग. हिंग तुपात भाजून घालावा. तो बहुतेक अफगाणिस्तानातून येतो बरं का! चिमूटभर चूर्ण तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावे, असे वैद्य सांगतात.

पण आम्ही पाहतो, काही लोक कोणत्याही पोटदुखीला हेच देतात. उजवीकडे ओटीपोटात दुखते, ताप आहे, उलट्या होतात, तर चूर्ण देऊन रात्र काढू नका. अपेंडिक्स सुजले असेल. ते फुटले तर जिवावर बेतते. अकोल्याचे सर्वोपचार, अमरावतीचे इर्विन, जो दवाखाना जवळ असेल तो लगेच गाठा.