अंगणातली लोहारभट्टी: रिकाम्या कोपऱ्यापासून पहिल्या आकड्यापर्यंत

घरामागे दहा बाय दहा फुटांचा मोकळा कोपरा आहे ना? मग तुमची भट्टी झालीच म्हणून समजा. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र हा उद्योग अजिबात नको. धूर, ठिणग्या आणि ठणठणाट या तिन्हींना जागा लागते. खाली दिलेला क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचं काम हलकं करते.

१. सावलीतली जागा निवडा. तापलेल्या लोखंडाचा रंग भर उन्हात दिसतच नाही, आणि इथलं सगळं काम रंगावर चालतं. वाळका पाला, गवताची गंजी किंवा गॅसची टाकी जवळपास नसावी.

२. वर पत्र्याचं छप्पर टाका. उंची नऊ फूट तरी ठेवा आणि निदान दोन बाजू पूर्ण उघड्या सोडा. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे बंद खोलीत भट्टी कधीही पेटवू नका.

३. खाली मुरूम पसरून धुम्मस करा. फरशी किंवा सिमेंटचा कोबा नको. लालभडक तुकडा पडला की फरशी-कोब्याचे टवके उडतात.

४. टेम्पोचा जुना ब्रेक ड्रम भंगारवाल्याकडून आणा. साधारण बारा इंच व्यासाचा पुरतो. आतली काळी धूळ फुंकू किंवा झाडू नका. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम पाण्याने भिजवूनच धुवा.

५. ड्रमच्या मधल्या भोकावर सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी चकती बसवा. तिला करंगळी जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडून घ्या. भोकं मोठी झाली तर निखारे खाली गळतात.

६. चकतीखाली दोन इंची पाइपचा ‘टी’ वेल्डिंगवाल्याकडून जोडून घ्या. वरचं तोंड ड्रमला, आडवं तोंड हवेसाठी, खालचं राखेसाठी. खालच्या तोंडाला नुसतं सैल झाकण लावा. आणि पाइप काळाच मागा, जीआय नको! त्यावरचा जस्ताचा मुलामा तापला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. भट्टीत घालायच्या प्रत्येक तुकड्यालाही हाच नियम लावा.

७. ड्रमला लोखंडी पाय लावून तो कमरेच्या उंचीला उभा करा. हलवून बघा. डगमगला तर पाय पसरट करून घ्या.

८. आडव्या तोंडाला तीन फूट पाइप जोडून त्याच्या टोकाला ब्लोअर बसवा. हाताने फिरवायचा ब्लोअर मिळाला तर तोच घ्या, असा माझा आग्रह आहे. हात थांबला की हवा थांबते, आणि कोळसा व लोखंड दोन्ही वाचतात. विजेचा घेतलात तर हवा कमी-जास्त करायला मध्ये झडप हवीच.

९. लाल माती आणि वाळू समप्रमाणात कालवून ड्रमच्या आत लिंपा. कडेकडून मधल्या भोकांकडे उतार द्या. भोकं बुजली का, ते बोट घालून तपासा.

१०. लिंपण सावलीत चार दिवस वाळू द्या. घाई इथेच नडते. ओल्या मातीवर आग पेटवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन ढेपळे उडतात. भेगा पडल्या तर त्याच मातीने भरा.

११. बाभळीचा जाड ओंडका फूटभर जमिनीत गाडा. भोवती माती घट्ट ठोकून बसवा. ओंडका हलला तर तुमची अर्धी ताकद त्यातच जाते.

१२. ओंडक्यावर ऐरण पक्की बसवा. नवी, महागडी ऐरण आत्ताच घेऊ नका. रुळाचा फूट-दीड फूट लांब तुकडा उभा गाडला तरी सुरुवातीला उत्तम. उभा, कारण मग घावाखाली सगळं वजन येतं. रूळ घेताना पावती मागा. चोरीचा रेल्वेचा माल जवळ सापडला तर तो गुन्हा ठरतो.

१३. ऐरणीची उंची जुळवा. सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ वळा. बोटांची पेरं ऐरणीच्या माथ्याला टेकायला हवीत. ऐरण उंच राहिली तर खांदा दुखतो, ठेंगणी राहिली तर कंबर.

१४. पाण्याची आणि वाळूची अशा दोन लोखंडी बादल्या हाताशी ठेवा. भट्टीपासून ऐरण एका पावलावर असावी. त्या पावलात काही पडलेलं नको.

१५. सुती कपडे, चामड्याचे बूट आणि चष्मा घाला. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. हातमोजा फक्त सळई धरायच्या हातात असू द्या, हातोडीची मूठ उघड्या हातातच पक्की बसते.

१६. लोणारी कोळसा लिंबाएवढा फोडून चाळून घ्या. दगडी कोळसा सध्या दूरच बरा, त्याचा धूर शेजाऱ्यांना सोसणार नाही. चाळीखालचा चुरा भट्टीत घालू नका, तो हवा अडवतो.

१७. मध्ये काटक्या पेटवून त्यावर कोळसा रचा. रॉकेल किंवा पेट्रोल शिंपडायचं नाही. सुरुवातीला हवा अगदी मंद द्या.

१८. चकतीवर चार-पाच बोटं निखारा झाला की सळई आडवी खुपसा. दहा मिलिमीटरची साधी गोल सळई दोन फूट लांब घ्या, म्हणजे सांडशीशिवाय भागतं. टोक खाली भोकांकडे रोखू नका. तिथे ताजी हवा लागून लोखंडावर खपल्या धरतात.

१९. रंग नारिंगी-पिवळा झाला की सळई बाहेर काढा. टोकाला फुलबाजीसारखी पांढरी तडतड दिसली तर लोखंड जळू लागलंय. तेवढा भाग छाटावा लागेल.

२०. किलोभर वजनाच्या हातोडीने टोक निमुळतं करा. प्रत्येक घावानंतर सळई पाव वळण फिरवा. रंग काळपट लाल झाला की थांबा आणि पुन्हा तापवा. थंड लोखंडावर घाव घातला तर चीर पडते.

२१. पुन्हा तापवून टोक ऐरणीच्या कडेवर वाकवा. हलके घाव घाला, जोर लावला तर वळणाऐवजी कोन होतो. तुमचा पहिला आकडा तयार!

२२. आकडा पाण्यात बुडवा. चेहरा बाजूला ठेवा, वाफ सरळ वर येते. काळा दिसणारा तुकडाही हात भाजतो, म्हणून हात मागाहूनच लावा.

२३. हवा बंद करून निखारे चिमट्याने पाण्याच्या बादलीत टाका. ड्रमवर मात्र पाणी ओतू नका. ड्रम बिडाचा असतो आणि तापलेलं बीड तडकतं, मग चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात. राख दुसऱ्या दिवशी सकाळी खालचं झाकण उघडून काढा.