थंड इंजिनाचे दुखणे

इंजिन फार तापले म्हणजे काहीतरी बिघडले, हे गाडी चालवणारा प्रत्येक माणूस जाणतो. रेडिएटरमधून वाफ येऊ लागली की तो गाडी कडेला उभी करतो आणि पाण्याच्या शोधात निघतो. परंतु इंजिन फार थंड राहिले तरीही ते आजारी पडते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तापण्याचे दुखणे वाफेच्या रूपाने डोळ्यांना दिसते. थंडीचे दुखणे गुपचूप वाढत राहते.

हिंगोली जिल्ह्यातील उन्हाळा कडक. पारा ४० अंशांच्या वर जातो. हिवाळ्यातील पहाट मात्र चांगलीच गार असते, आणि याच दिवसांत वसमतच्या बाजूला उसाने भरलेले ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. पुढे हळदीची काढणी सुरू होते, तेव्हाही ट्रॅक्टरला उसंत नसते. अशा वेळी एखादा शेतकरी तक्रार घेऊन गावातील मिस्त्रीकडे येतो. ट्रॅक्टर ओढत नाही, सकाळी बराच वेळ पांढरा धूर सोडतो, डिझेल पूर्वीपेक्षा जास्त पितो आणि तासभर चालूनही मीटरचा काटा थंडीच्या खुणेपासून हलत नाही.

या तक्रारीचे मूळ समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकावले पाहिजे. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवतात व ते रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्याने निववतात. पण हे पाणी सदासर्वदा गार राहावे, अशी रचना करणाऱ्याची मुळीच इच्छा नसते. ते सुमारे ८० ते ९५ अंश सेल्सिअस असले, म्हणजे इंजिन सुखाने चालते.

इंजिन याहून फार थंड राहिले तर काय होते? गार भिंतींजवळचे थोडे डिझेल न जळताच राहते. ते सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळते, तेथील वंगण धुऊन काढते आणि खाली तेलात मिसळते. तेल पातळ होते व दट्ट्याची झीज वाढते. दुसरी गोष्ट तर ऐकून नवल वाटेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते! इंजिन गरम असेल तर हे पाणी वाफ होऊन धुराबरोबर बाहेर पडते. थंड इंजिनात त्यातले काही आतच साचते आणि तेलाशी मिसळून त्याचा चिकट गाळ बनतो. वाया गेलेले डिझेल शेतकऱ्याला रोज जाणवते. झिजलेले सिलिंडर मात्र काही हंगामांनी जाणवतात, आणि तो खर्च फार मोठा असतो.

पाण्याची ऊब राखण्याचे काम थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप करते. तिच्या पोटात मेणाने भरलेली पितळी डबी असते. सर्जियस व्हर्ने या संशोधकाने १९३० च्या दशकात अमेरिकेत ही मेणाची युक्ती शोधून काढली. पाणी गार असताना मेण घट्ट असते व झडप बंद राहते. तेव्हा पाणी रेडिएटरकडे न जाता आखूड वाटेने इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. पुरेसे तापल्यावर मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडते. पाणी निवले की स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. ना वीज, ना तार. सारा कारभार चमचाभर मेणावर चालतो.

आता मिस्त्रीची तपासणी पाहू. चांगला मिस्त्री आधी काट्यावर संशय घेतो, कारण मीटरही खोटे बोलू शकते. रेडिएटरमधील पाणी कमी झाले असेल, तर मोजणारा भाग कोरडा पडून काटा खाली राहतो आणि इंजिन मात्र आत भाजत असते. म्हणून इंजिन पूर्ण निवलेले असतानाच तो झाकण उघडून पाणी पाहतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर घेणे होय. पाणी पुरेसे असले, तर तो इंजिन सुरू करतो आणि पंख्यापासून हात दूर ठेवून रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला स्पर्श करून पाहतो. झडप शाबूत असेल तर नळी काही मिनिटे गारच राहते आणि मग एकदम तापते. येथे मात्र ती पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत जाते. याचा अर्थ, पाण्याची वाट सतत उघडी आहे.

झडपेचे घर उघडल्यावर कधी गंजून उघडीच अडकलेली झडप हाती येते. पुष्कळदा तर आत काहीच नसते! इंजिन तापू नये म्हणून कोणीतरी मागच्या उन्हाळ्यात ती काढून फेकलेली असते. हा उपाय उन्हाळ्यातही फसवा आहे. अनेक इंजिनांत झडप रेडिएटरची वाट उघडताना आखूड वाट बंद करते. ती काढून टाकली, तर आखूड वाट कायम उघडी राहते, काही गरम पाणी न निवताच परत फिरते आणि भर उन्हात जड ओझे ओढताना इंजिन उलट अधिक तापू शकते.

नवी झडप बसवण्यापूर्वी मिस्त्री तिची परीक्षा घेतो. पातेल्यातील पाण्यात तो ती दोऱ्याने अधांतरी सोडतो, कारण पातेल्याचा तळ पाण्याहून अधिक तापलेला असतो. शेजारी तापमापक धरतो. झडपेवर ८२ हा आकडा कोरला असेल, तर त्याच सुमारास ती हलू लागली पाहिजे, आणि पाणी उकळण्याच्या आत पुरती उघडली पाहिजे. पुष्कळ झडपांना एक बारीक भोक असते. अडकलेली हवा त्यातून निघून जावी म्हणून ते वरच्या बाजूस ठेवतात. मग मेणाची डबी इंजिनाच्या दिशेला करून तो झडप बसवतो, नवे पॅकिंग लावतो, पाणी व शीतक भरतो आणि ट्रॅक्टर सुरू करतो. काही मिनिटांनी काटा खुणेवरून हलतो, मध्यापर्यंत चढतो आणि तेथे थांबतो.