लाल दिवा रात्रभर कशाला?

मैत्रिणींनो, आता बऱ्याच घरी टीव्हीसोबत सेटटॉप बॉक्स आणि वूफरवाले स्पीकर आले आहेत. काही गटांकडे भजनासाठी साउंडचा संचही आहे. रात्री रिमोटने आवाज बंद होतो, पण लाल दिवा जळतच राहतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "रोज बंद-चालू केलं की मशीन बिघडते. तिले गरम व्हायला वेळ लागते." हे कितपत खरं?

समज आला कुठून?
जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे. ते आतून तापल्याशिवाय आवाज निघत नसे. बटण दाबल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावं लागे. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओ लगेच बोलू लागला. आजचे घरगुती स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर याच प्रकारचे आहेत. त्यांना तापवून ठेवायची गरज नाही. सेटटॉप बॉक्स सुरू व्हायला थोडा वेळ घेतो, पण तो आतला प्रोग्रॅम चालू होण्याचा वेळ आहे. दिवसातून एक-दोनदा बटण बंद केल्याने वस्तू खराब होत नाही. मात्र लागोपाठ खटखट करू नये.

हिशोब करून पाहू
समजा बॉक्स आणि स्पीकर मिळून नुसते बसल्या बसल्या 10 वॅट खातात, आणि दिवसाचे 20 तास तसेच राहतात. 10 गुणिले 20 म्हणजे 200. एक युनिट म्हणजे 1000. म्हणजे 5 दिवसांत 1 युनिट, महिन्याला 6, वर्षाला 73 युनिट. दहा जणींच्या गटात महिन्याला 60 युनिट झाले! महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटला दर जास्त लागतो. 96 वर थांबणारं बिल याच 6 युनिटनी 100 च्या पुढे जातं.

आपल्या घरी किती जातं?
घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा दहा मिनिटांपुरता. फक्त टीव्ही, बॉक्स, स्पीकर लाल दिव्यावर ठेवा. आता मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहा. एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलं असेल, तर 1125 ला त्या सेकंदांनी भागा. येतील तेवढे वॅट. उदाहरणार्थ, 75 सेकंद लागले तर 15 वॅट. मीटरवर आकडा वेगळा असेल तर 36 लाखांना आधी त्या आकड्याने भागा, मग सेकंदांनी.

वीज आणि विजा
बिलापेक्षा मोठं नुकसान मे-जूनच्या वादळात होतं. कर्ज काढून घेतलेली वस्तू एका कडकडाटात जळू शकते. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ढग दाटायच्या आधीच पिन काढा, डिशची किंवा केबलची वायरही सोडवा. विजा चमकू लागल्यावर वायरीला हात लावू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप विजेची आगाऊ सूचना देतं. गेलेली लाईट परत आली की पाच मिनिटं थांबून मगच पिन लावा.

लक्षात ठेवा
• टीव्ही, बॉक्स, स्पीकर एकाच बटणाच्या बोर्डावर घ्या. झोपताना एक बटण बंद.
• अ‍ॅम्प्लिफायरवर कपडा झाकून चालवू नका. त्याला हवा लागते.
• गटाचा साउंड लावताना आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर. आवाज आधी कमी ठेवा, म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही.
• फ्रीज मात्र रोज रात्री बंद करू नका. अन्न खराब होतं.

पुढच्या बैठकीसाठी
प्रत्येकीने आपले सेकंद आणि वॅट लिहून आणावेत. सचिव ताईंनी फळ्यावर बेरीज मांडावी. मग महिनाभर बटण बंद ठेवून पुढचं बिल शेजारी ठेवून पाहा. किती वाचलं ते आकडाच सांगेल.