स्टॉइकिओमेट्रीचा सराव : समीकरणातले आकडे ग्रॅमचे नाहीत

दहावीपर्यंत विज्ञानात चांगले गुण मिळवणारी मुले अकरावीत रसायनशास्त्राच्या सुरुवातीच्याच धड्यांत अडखळतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर 'लिमिटिंग रिएजंट' हे नावच आधी घाबरवते. मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मला सायन्स जमणार नाही. साईड बदलू का?"

तिची वही पाहिली. गुणाकार-भागाकार अचूक होते. पंधरा उदाहरणे चुकली होती, पण चूक एकच होती. आणि खरं सांगायचं तर त्यात माझाही वाटा होता. मी फळ्यावर पद्धत दाखवून थेट गृहपाठ दिला होता.

चूक नेमकी कुठे होते?

प्रश्न साधा आहे. १० ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जळायला किती ऑक्सिजन लागेल? संतुलित समीकरण सांगते : हायड्रोजनचे २ रेणू + ऑक्सिजनचा १ रेणू = पाण्याचे २ रेणू.

मूल म्हणते, प्रमाण २ : १, म्हणून ५ ग्रॅम ऑक्सिजन आणि पाणी १० ग्रॅम. आता त्याला एवढंच विचारा, "१० आणि ५ मिळून १५ ग्रॅम घेतलंस, पाणी १० ग्रॅमच झालं. उरलेले ५ ग्रॅम कुठे गेले?" वस्तुमान अक्षय्यतेचा नियम इथे पुन्हा भेटतो आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते.

सहगुणक रेणूंची संख्या सांगतात, वजन नाही. हे पटवायला मी हार्डवेअरच्या दुकानाचे उदाहरण देतो. एका बोल्टला दोन नट लागतात. बोल्ट २० ग्रॅमचा, नट ५ ग्रॅमचा. २०० ग्रॅम बोल्ट घेतले, तर नट किती ग्रॅम? घाईत उत्तर येते ४००. पण बोल्ट १० आहेत, म्हणून नट २०, म्हणजे १०० ग्रॅम. वजनावरून नग, नगावरून नग, मग पुन्हा वजन. मोल म्हणजे हाच 'नग' मोजायचा मोठा गठ्ठा.

योग्य रीत

- १० ग्रॅम हायड्रोजन ÷ २ = ५ मोल
- लागणारा ऑक्सिजन = २.५ मोल
- २.५ × ३२ = ८० ग्रॅम
- तयार होणारे पाणी = ५ × १८ = ९० ग्रॅम
- पडताळा : १० + ८० = ९०

सराव कोणत्या क्रमाने द्यावा?

१. पहिले दोन दिवस ग्रॅम हा शब्दच नको. "६ मोल हायड्रोजनला किती मोल ऑक्सिजन?" असे तोंडी प्रश्न विचारावेत.

२. नंतर फक्त ग्रॅमचे मोल आणि मोलचे ग्रॅम. समीकरण नको.

३. मग दोन्ही एकत्र. वहीत प्रत्येक पदार्थाखाली 'ग्रॅम' आणि 'मोल' अशा दोन ओळी आखायला सांगा. ग्रॅमच्या ओळीतून थेट ग्रॅमच्या ओळीत उडी मारायची नाही.

४. शेवटी मर्यादित अभिकारक. १० ग्रॅम हायड्रोजन आहे, पण ऑक्सिजन ४० ग्रॅमच. ऑक्सिजन १.२५ मोल, त्याला हायड्रोजन २.५ मोल म्हणजे ५ ग्रॅम पुरतो. पाणी ४५ ग्रॅम, हायड्रोजन ५ ग्रॅम शिल्लक. बेरीज ५०, हिशोब जुळला. इथेही नट-बोल्ट आठवावेत : नट आधी संपले, तर उरलेले बोल्ट नुसते पडून राहतात.

प्रत्येक उदाहरणाची शेवटची ओळ 'पडताळा' हवीच. दिवसाला पाच उदाहरणे पुरेत. एकाच साच्यातली वीस सोडवली, तर मूल आकडे बदलायला शिकते, विचार करायला नाही.

पालकांसाठी

तुम्हाला रसायनशास्त्र येत नसले तरी चालेल. मुलाला दोनच प्रश्न विचारा : "हे आकडे नगाचे की वजनाचे?" आणि "आधीचं आणि नंतरचं वजन जुळलं का?" उत्तर देता देता बऱ्याच चुका त्याच्या त्यालाच सापडतील.

त्या मुलीने साईड बदलली नाही. तिच्या वहीत आता प्रत्येक उदाहरणाखाली पडताळा असतो. चुकलं तर माझ्याकडे येण्याआधी तिला स्वतःलाच कळतं.