🐥 *पिल्लांची ऊब: ‘५ अंश कमी’ म्हणजे नेमके किती?*

थंडीत कोंबडीची पिल्ले आणणार असाल तर हा हिशेब नीट समजून घ्या.

ब्रूडरचा नेहमीचा नियम आपल्याला माहीत आहे: पहिल्या आठवड्यात ९५ अंश, मग दर आठवड्याला ५ अंश कमी. हे अंश *फॅरनहाइटचे* आहेत. आपल्याकडचा डिजिटल थर्मामीटर मात्र बहुधा *सेल्सिअस* दाखवतो.

९५ फॅरनहाइट म्हणजे ३५ सेल्सिअस. इथवर सगळे बरोबर करतात. गफलत पुढे होते. फॅरनहाइटचे ५ अंश म्हणजे सेल्सिअसचे फक्त पावणेतीनच्या आसपास. कारण पाणी गोठण्यापासून उकळेपर्यंत सेल्सिअसचे १०० अंश होतात, फॅरनहाइटचे १८०. म्हणजे फॅरनहाइटचा अंश लहान.

*असे तापमान ठेवा*
▪️ आठवडा १: ९५ फॅ. = ३५ से.
▪️ आठवडा २: ९० फॅ. = ३२.२ से.
▪️ आठवडा ३: ८५ फॅ. = २९.४ से.
▪️ आठवडा ४: ८० फॅ. = २६.७ से.

सेल्सिअसमध्येच ५-५ अंश उतरवले, तर चौथ्या आठवड्यात २० वर याल. जवळपास ७ अंश कमी! पिल्ले गारठून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

*तोंडी हिशेब*
✅ सेल्सिअसचे फॅरनहाइट: दुप्पट करा, त्यातून दहावा भाग वजा करा, ३२ मिळवा.
३० से.: ६० − ६ = ५४, अधिक ३२ = ८६ फॅ.
✅ फॅरनहाइटचे सेल्सिअस: ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा.
८६ फॅ.: ५४ × ५ = २७०, भागिले ९ = ३० से.
⚠️ किती अंश *कमी-जास्त* करायचे हे काढताना ३२ धरायचे नाहीत. फक्त ५ ने गुणा, ९ ने भागा.

*थर्मामीटर लावताना*
आधी आकड्यापुढचे अक्षर बघा, सी की एफ. काही थर्मामीटरला मागे बटण असते, ते चुकून दाबले जाते. थर्मामीटर ब्रूडरच्या कडेला, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा.

आणि पिल्लांकडे लक्ष द्या. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय. चोच उघडून लांब पळाली तर उष्णता जास्त. सगळीकडे सारखी पसरून चरत असली की ऊब बरोबर.

वरचा तक्ता कागदावर लिहून शेडमध्ये लावा. घरात जो कोणी बल्ब बघतो, त्यालाही दाखवा. काही शंका असेल तर थर्मामीटरचा फोटो याच नंबरवर पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी