क्रियापदाचे प्रकार आणि कथेचे घटक : एक परस्परसंबंध

१. प्रास्ताविक

मराठी व्याकरण आणि कथासमीक्षा हे विषय पदवी व पदव्युत्तर वर्गांत बहुधा दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत शिकविले जातात. व्याकरणाच्या तासाला विद्यार्थी सकर्मक, अकर्मक, प्रयोजक, शक्य ही नावे पाठ करतो. कथेच्या तासाला कथानक, पात्र, वातावरण, संवाद, निवेदन ही. पहिल्या यादीजवळ उदाहरणे असतात, पण त्यांचे प्रयोजन विद्यार्थ्याला कळलेले नसते. दुसरीजवळ प्रयोजन असते, पण पुरावा नसतो. 'व्यक्तिचित्रण प्रभावी आहे', 'वातावरणनिर्मिती परिणामकारक झाली आहे' अशी विधाने उत्तरपत्रिकांतून आणि काही वेळा प्रबंधांतूनही येत राहतात. ती खोटी नसतात. परंतु संहितेतील कोणत्या शब्दांमुळे तसे म्हणता येते, हे त्यांतून समजत नाही.

कथेचे घटक संहितेत प्रत्यक्ष आकाराला येतात ते प्रामुख्याने क्रियापदाच्या आश्रयाने, आणि कथेतील कृतीची जबाबदारी कोणाकडे जाते हे क्रियापदाच्या प्रकारावर पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विचाराला परंपरेत आधार आहे. यास्काने 'निरुक्ता'त नाम आणि आख्यात यांचा भेद करताना नामात सत्त्व, तर आख्यातात भाव, म्हणजे घडणे, प्रधान मानले आहे. जन्मणे, असणे, पालटणे, वाढणे, क्षीण होणे आणि नष्ट होणे हे भावाचे सहा विकारही तेथे वार्ष्यायणीच्या मताने नोंदविले आहेत. दुसरीकडे अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या विवेचनात व्यक्तीपेक्षा कृतीला अग्रस्थान दिले. एक विचार शब्दाचा, दुसरा नाट्यकृतीचा. पण दोन्ही ठिकाणी 'घडणे' हेच केंद्रस्थानी आहे.

२. वर्गीकरणाचे निकष

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत (१९११) क्रियापदविचार क्रमाने विस्तारत गेला. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो प्रकारांची संख्या मोठी असल्यामुळे नव्हे, तर निरनिराळ्या निकषांवरील प्रकार एकाच यादीत लिहिले जात असल्यामुळे.

कर्माची अपेक्षा हा पहिला निकष. त्यावरून सकर्मक, अकर्मक, द्विकर्मक आणि उभयविध हे प्रकार होतात. धातूची घडण हा दुसरा. त्यावरून सिद्ध आणि साधित हे भेद, तसेच साधितांमध्ये प्रयोजक ('उठणे'पासून 'उठवणे') आणि शक्य ('मला चालवते', 'त्याला बोलवेना') हे पोटभेद मिळतात. कर्त्याचे स्वरूप हा तिसरा. 'उजाडले', 'सांजावले' यांसारख्या भावकर्तृक क्रियापदांत स्वतंत्र कर्ता सांगता येत नाही, क्रियेचा भाव हाच कर्ता मानावा लागतो. धातुसाधित आणि सहायक क्रियापद यांच्या संयोगाने होणारे संयुक्त क्रियापद पुन्हा रचनेच्या निकषावर येते. काळ, अर्थ आणि प्रयोग हे तर प्रकार नसून क्रियापदाच्या योजनेचे विशेष आहेत. म्हणून एकच क्रियापद एकाच वेळी सकर्मक, प्रयोजक आणि भावे प्रयोगातील असू शकते. हे लक्षात ठेवले की वर्गीकरण हे पाठांतराचे ओझे न राहता निरीक्षणाचे साधन बनते.

३. एका कथाभागाचे विश्लेषण

विवेचनाच्या सोयीसाठी पुढील लहानसा कथाभाग रचून घेतला आहे :

'गोदाक्का रोज पहाटे उठे, अंगण झाडी आणि तांब्यात पाणी घेऊन तुळशीपाशी उभी राही. त्या दिवशी उजाडले तरी ती उठली नाही. सुनेने हाक मारली. माजघरात तांब्या कलंडलेला दिसला. तिला पुढे जाववेना. तिने नवऱ्याला उठवले. तो येऊन उंबऱ्याशी थांबला. म्हणाला, "रात्री दार उघडले होते."'

कथानक : 'उठे', 'झाडी', 'उभी राही' ही रीतिभूतकाळाची रूपे होत. त्यांत एक दिवस सांगितलेला नाही. अनेक दिवसांची रीत सांगितली आहे. 'उठली नाही' या साध्या भूतकाळाच्या रूपाशी रीत मोडते आणि घटना सुरू होते. प्रास्ताविक भाग कोठे संपला व संघर्षाचे बीज कोठे पडले, याचे उत्तर येथे काळाच्या पालटात आहे. विशेष म्हणजे घटनेचा आरंभ नकाराने झाला आहे. रीत आधी सांगितली नसती, तर 'उठली नाही' हे वाक्य घटना ठरले नसते. आधुनिक निवेदनात रीतिभूताऐवजी 'उठायची', 'झाडायची' अशी बोलण्यातील रूपे येतात. त्यांनी कथानकाचे कार्य बदलत नाही, मात्र निवेदकाचा आवाज बदलतो. लिखित परंपरेतला निवेदक ओसरीवर बसून सांगणाऱ्या माणसाच्या जवळ येतो.

वातावरण : 'उजाडले' हे भावकर्तृक क्रियापद आहे. 'सूर्य उगवला' असे म्हटले असते तर कर्ता आला असता आणि वाचकाचे लक्ष क्षणभर त्याच्याकडे गेले असते. 'उजाडले' मध्ये कोणीही काही करीत नाही; पात्रांच्या इच्छेची पर्वा न करता दिवस पुढे सरकतो. वातावरण म्हणजे केवळ विशेषणांची रास नव्हे, हे या एका क्रियापदावरून दाखविता येते.

दृष्टिकोन : 'सुनेने तांब्या पाहिला' असे वाक्य येथे नाही. 'दिसला' हे अकर्मक क्रियापद आहे. 'पाहणे' ही करण्याची क्रिया, 'दिसणे' ही होण्याची. कोणाला दिसला हेही सांगितलेले नाही. त्यामुळे वाचक सुनेच्या जागी उभा राहतो. निवेदन तृतीयपुरुषी राहूनही दृष्टी पात्राची होते, ती अशा ठिकाणी.

पात्र : 'जाववेना' हे शक्य क्रियापद आहे. 'ती पुढे गेली नाही' हे निर्णयाचे विधान झाले असते. 'तिला पुढे जाववेना' मध्ये निर्णय नाही, सामर्थ्य संपलेले आहे. 'सून' हे पद चतुर्थीच्या रूपात येते आणि ती करणारी न राहता अनुभवणारी होते. पुढच्याच वाक्यात ती 'उठवले' या प्रयोजक क्रियापदाची कर्ती आहे. स्वतःला न झेपणारी क्रिया ती दुसऱ्याकडे सोपविते. भीतीविषयी एकही शब्द न उच्चारता तिचे मन कळते.

संवाद : 'दार उघडले होते' हे या कथाभागातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य. 'उघडणे' हे उभयविध क्रियापद आहे. ते अकर्मक घेतल्यास दार आपोआप उघडले. सकर्मक घेतल्यास कोणीतरी ते उघडले आणि तो कर्ता अध्याहृत आहे. तो कर्ता बोलणारा स्वतः असू शकतो, गोदाक्का असू शकते, परका माणूसही असू शकतो. मराठीत 'दार उघडले होते' हे रूप सर्व शक्यतांना सारखेच चालते. नवरा खोटे बोलत नाही. पण व्याकरणाने त्याला कर्ता न सांगण्याची सोय दिली आहे आणि तो ती वापरतो. कथेचा पुढील सारा ताण या अनुच्चारित कर्त्याभोवती उभा राहील.

४. प्रथमपुरुषी निवेदन आणि प्रयोग

प्रथमपुरुषी कथेत प्रयोगाचे महत्त्व आणखी वाढते. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हणताच निवेदकाचे लिंग कळते, कारण कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. 'मी पत्र वाचले' (कर्मणी), 'मी त्याला ओळखले' (भावे) या वाक्यांत मात्र ते कळत नाही. भूतकाळी सकर्मक क्रियापदांचा आश्रय घेऊन लेखकाला निवेदकाची ओळख बराच काळ झाकून ठेवता येते. अर्थात हा नियम प्रमाणभाषेपुरता आहे. कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही 'मी आलो' म्हणतात. त्यामुळे बोलीतील कथा वाचताना हा पुरावा जपून वापरावा लागतो.

येथेच संशोधनाला योग्य असा एक प्रश्न उपस्थित होतो. दिवाकर कृष्णांच्या 'अंगणातला पोपट' (१९२२) या कथेपासून मराठी कथा अंतर्मुख होऊ लागली आणि १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले आदींच्या नवकथेने मनोव्यापारांना केंद्रस्थान दिले, असे सामान्यतः मानले जाते. तसे असेल, तर 'वाटणे', 'जाणवणे', 'सुचणे', 'आठवणे' या अनुभवदर्शक क्रियापदांचे आणि चतुर्थीतील अनुभवकर्त्याचे प्रमाण त्या कथांत वाढलेले आढळावयास हवे. ते खरोखर वाढले आहे काय, आणि सर्व लेखकांत सारखे वाढले आहे काय, हे संहिता मोजून तपासता येण्याजोगे आहे.

५. दोन शीर्षके, दोन क्रियापदे

बाबुराव बागूल यांच्या दोन कथासंग्रहांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत : 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) आणि 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९). मराठीत कथासंग्रहांची नावे बहुधा नाम किंवा नामसमूह या स्वरूपाची असतात. 'काजळमाया' (१९७२) हे त्याचे परिचित उदाहरण. बागुलांची ही दोन्ही शीर्षके मात्र क्रियापदांत आहेत.

पहिल्या शीर्षकात 'चोरणे' हे सकर्मक क्रियापद कर्मणी प्रयोगात, पूर्ण भूतकाळी आले आहे. कर्ता 'मी' स्पष्टपणे उच्चारलेला आहे. 'जात लपवली' असे म्हणता आले असते. पण लपविण्यासाठी वस्तू आपलीच असावी लागते, चोरी मात्र दुसऱ्याच्या वस्तूची होते. शिवाय 'चोरणे' हा गुन्हा आहे. ज्याच्यावर समाजाने अन्याय केला, तोच व्याकरणाने गुन्हेगार ठरून कबुलीजबाबासारखे बोलतो. उपरोध तेथून निर्माण होतो. 'जेव्हा'ने सुरू होणारे हे गौण वाक्य असून त्याचे मुख्य वाक्य शीर्षकात नाही. 'तेव्हा काय झाले' हे सांगण्याचे काम कथेकडे राहते.

दुसऱ्या शीर्षकात याच्या उलट घडते. 'होणे' हे अकर्मक क्रियापद आहे, 'स्वस्त' हे त्याचे पूरक आहे आणि काळ अपूर्ण वर्तमान आहे. मरण स्वस्त 'केले जात' नाही, ते 'होत आहे'. करणारा कोणीही दिसत नाही. महागाई व्हावी तसे हे घडत आहे, आणि अजून थांबलेले नाही. पहिल्यात जबाबदारी 'मी'वर येते, कारण ती त्याच्यावर लादलेली आहे. दुसऱ्यात ती कोणावरच येत नाही, आणि म्हणून ती कोणाची, हा प्रश्न वाचकाला पडतो. दलित कथेतील सामाजिक आशयाची चर्चा विपुल झाली आहे. तो आशय शीर्षकाच्या क्रियापदापर्यंत कसा पोहोचला आहे, हे पाहिले म्हणजे आशय आणि भाषा यांना वेगळ्या प्रकरणांत ठेवणे किती अपुरे आहे ते ध्यानी येते.

६. पद्धतीच्या मर्यादा

या पद्धतीचा अतिरेक होण्याचा धोका आहे. 'चोरली' हे रूप 'जात' या स्त्रीलिंगी कर्माप्रमाणे आले, ही लेखकाची निवड नव्हे. तो भाषेचा नियम आहे. त्यातून स्वतंत्र अर्थ काढणे चूक ठरेल. 'चोरणे' या धातूची योजना मात्र निवड आहे, कारण 'लपवणे', 'सोडणे', 'बदलणे' हे पर्याय उपलब्ध होते. जेथे पर्याय असतो तेथेच शैलीचा अर्थ लागतो. म्हणून प्रत्येक निरीक्षणापूर्वी 'येथे दुसरे कोणते क्रियापद येऊ शकले असते?' हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळत नसेल, तर ते स्थळ व्याकरणाचे आहे, समीक्षेचे नव्हे.

दुसरी मर्यादा अशी की, एकाच प्रकारचे क्रियापद सर्वत्र एकच परिणाम साधीत नाही. अकर्मक क्रियापद कधी असहायता सुचविते, कधी नुसतीच शांतता. निर्णय संदर्भानेच द्यावा लागतो. वर्गीकरण फक्त कोठे थांबून पाहावे ते दाखविते.

७. समारोप

कथानकाला काळ, वातावरणाला भावकर्तृक क्रियापद, पात्राला शक्य व प्रयोजक रूपे, निवेदकाला प्रयोग आणि संघर्षाला उभयविध क्रियापद कसे उपकारक ठरते, हे येथे पाहिले. या जोड्या कायमच्या नाहीत; त्या अभ्यासाच्या आरंभासाठी आहेत. वर्गात एखादी कथा शिकविताना तिच्यातील निर्णायक प्रसंगाची क्रियापदे अधोरेखित करून घ्यावीत आणि प्रत्येकासमोर 'कोणी केले?' हा प्रश्न लिहावा. ज्या क्रियापदापाशी उत्तर अडेल, तेथे विद्यार्थी व्याकरण आणि कथा दोन्ही एकाच वेळी वाचू लागलेला असेल.